मनाने जाऊन आलो

शाळेतून निवृत्त झालो आणि चर्चच्या फादरनी बायबलच्या शास्त्राभ्यासाचा वर्ग माझ्या गळ्यात घातला. खरं सांगायचं तर मीच मान पुढे केली होती. रेवदंड्याच्या खाडीपलीकडच्या आमच्या गावात मासे सगळ्यांनाच कळतात. शास्त्र मात्र फक्त मला कळतं, असा माझा पक्का समज होता. दर रविवारी मिस्सानंतर चर्चमागच्या खोलीत दहा-बारा जण बसायचे आणि मी त्यांना शास्त्राचे अर्थ उलगडून दाखवायचो. चर्चच्या जुन्या आचार्यांनी एकेका वचनाचे चार-चार अर्थ सांगितले आहेत. मला चारही पाठ. जगायला एकही लागत नव्हता, त्यामुळे पाठ राहिले असावेत.

एका रविवारी अर्पणाचा उतारा आला. वेदीपाशी अर्पण घेऊन गेलास आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन त्याच्याशी समेट कर. मी लगेच सुरू झालो. वेदी म्हणजे अंतःकरण, अर्पण म्हणजे प्रार्थना, भाऊ म्हणजे अखिल मानवजात.

इथे माझ्या सख्ख्या भावाबद्दल सांगायला हवं. दादाचं घर माझ्या घराला लागून. आम्ही दोघे ज्या बोंबलांवर वाढलो, तेच तो अजून वाळवायचा. बोंबील टांगायची त्याची बांबूची वलांडी माझ्या खिडकीसमोर होती. मास्तर झाल्यावर मला त्या वासाने डोकेदुखी व्हायला लागली. नऊ वर्षांपूर्वी मी ग्रामपंचायतीत लेखी तक्रार दिली, सुवाच्य अक्षरात, एकही शुद्धलेखनाची चूक न करता. दादाला वलांडी काढावी लागली, ती त्याने घरामागे उन्हाची जेमतेम तिरीप येते तिथे नेली. तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नव्हता. चर्चमध्ये तो दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसायचा, मी पहिल्या.

वर्गात सुकी मासळी विकणारी एक मावशी यायची. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून ती लक्ष देऊन ऐकायची. ती म्हणाली, "मास्तर, यात 'जा' म्हटलंय ना? मग जायाचं."

"मावशी, इतकं सोपं नसतं," मी म्हणालो. "भाऊ दूर असेल, समुद्रापार असेल, तर मनाने त्याच्याकडे जावं, असं आचार्य सांगतात."

"तुजा भाव कुठं समुद्रापार हाय? कुंपनाच्या पल्याड तं हाय!"

खोलीत हशा पिकला. कोपऱ्यात बसलेल्या फादरांकडे मी आशेने पाहिलं. माझ्या मुलाच्या वयाचा माणूस, तो शांतपणे म्हणाला, "मास्तर, त्याच आचार्यांनी पुढे असंही म्हटलंय, की भाऊ जवळ असेल तर पायांनी जावं." ते वाक्य मला माहीत होतं. मी ते वाचून दाखवत नव्हतो, एवढंच.

पुढच्या रविवारी सण होता आणि अर्पणाची टोपली वेदीपर्यंत न्यायचा मान माझा. इस्त्रीचा सदरा घालून मी दारापाशी रांगेत उभा राहिलो. टोपलीत तांदूळ, नारळ, केळी. माझ्या पुढे फुलं घेतलेली मावशी. गाणं सुरू झालं, रांग हलायची वेळ झाली, तरी मावशी हलेना. मागे वळून ती माझ्याकडे नुसती बघत राहिली. डावीकडे, हातभर अंतरावर, दादा.

मला घाम फुटला. पश्चात्तापाचा म्हणावा तर लाजेचाच जास्त होता. टोपली जमिनीवर ठेवली.

"दादा, मी ती तक्रार करायला नको होती."

"कुटली?" त्याला कमी ऐकू येतं. पण तेव्हा त्याला ऐकू आलं होतं, अशी माझी आजही खात्री आहे.

"ती... वलांडीची."

"आं?"

नेमकं त्याच क्षणी गाणं संपलं. "बोंबलांची, दादा, बोंबलांची!" माझा शाळेत कमावलेला आवाज वेदीवर आपटून परत आला. बाकांवरची सगळी डोकी वळली. फादर खाली मान घालून हसू दाबत होते.

दादा उठला. "चार पावलांवर घर हाय. नऊ वर्सं लागली व्हय?" मग म्हणाला, "मी पन यायला पायजे होतं. पन मी मनात धरून बसलो, ज्याची चूक त्यानं यावं. मला पन अर्थ काडता येतो, तुला एकट्यालाच न्हाय." त्याने माझा हात धरला. तळव्याला मीठ आणि बोंबलाचा वास होता, आणि मला नाक मुरडायचं सुचलंच नाही. टोपली आम्ही दोघांनी मिळून नेली.

त्याच आठवड्यात दादाने वलांडी परत माझ्या खिडकीसमोर उभी केली. समेट म्हणजे वास जातो असं कुठेही लिहिलेलं नाही. डोकं अजून दुखतं. खिडकी उघडी ठेवतो.

वर्गातली गर्दी मात्र दुप्पट झाली. मला वाटलं, माझ्या विवेचनाची कीर्ती पसरली. मावशीने तो भ्रमही ठेवला नाही. म्हणाली, "आता कोन सापडतो ते बगायला येतान सगले." दोन जावा, ज्यांचं विहिरीवरून वाजलंय, त्या हल्ली मी पुस्तक उघडलं की छताकडे बघत बसतात.