ताईंच्या मीटरमधला माझा आकडा

अन्याय झाला तो आमच्या ब्लॉकमधल्या ताईंवर, गेल्या रविवारी सकाळी सव्वाआठ वाजता, क्वीन्सटाउनच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉल्सच्या मंडईत, सगळ्या सायकल ग्रुपसमोर. हार्बरफ्रंटपर्यंत सायकली मारून आम्ही नुकतेच परतलो होतो. सगळ्यांचे मीटर अठरा किलोमीटर दाखवत होते, एकट्या ताईंचा पंचवीस.

"काय ताई, वाटेत पुलापलीकडे मलेशियाला जाऊन आलात का?" एकजण म्हणाला. दुसऱ्याने री ओढली, "म्हणजे महिनाभराचे आकडेही असेच फुगवलेले?" सगळे हसले. ताई माझ्याकडे बघत म्हणाल्या, "मी त्याला हातसुद्धा लावलेला नाही." मी मान खाली घालून कॉफी पीत राहिलो.

कारण तो मीटर मी बसवला होता. एका मशीनचं सेटिंग सगळीकडे कॉपी करायची आम्हा आयटीवाल्यांची सवय. माझ्या मोठ्या चाकाचा २०९६ मिलिमीटर घेर मी ताईंच्या छोट्या, घडीच्या सायकललाही ठोकून दिला. दुपारी त्यांच्या दारात जाऊन चाक मोजलं, तर १५१५! म्हणजे त्यांच्या छोट्या चाकाचा प्रत्येक फेरा मीटर माझ्या मोठ्या चाकाएवढा धरत होता.

ग्रुपवर चूक कबूल केली. तीन अंगठे आले, माफी एकाचीही नाही. आज पुन्हा रविवार आहे आणि ताई आल्या नाहीत.

तुमच्या मीटरमध्ये कुणाचा आकडा आहे? टायरवर आणि जमिनीवर खडूने खूण करा, सायकलवर बसून चाकाचा एक पूर्ण फेरा करा, तेवढं अंतर टेपने मोजा आणि तेच मीटरमध्ये भरा. आणि न मोजता कुणाला खोटं ठरवलं असेल, तर आजच त्यांच्या दारात जाऊन माफी मागा.