बॅटरी दुकानात होती तेव्हा...

करणी, बाधा, भूतखेत... या ग्रुपवर मी आजवर फक्त टिंगल करायला यायचो, हे जुन्या मंडळींना माहीत आहे. त्यामुळे हे लिहिताना लाज वाटतेय. पण खरी लाज वेगळीच आहे.

आम्ही वसई पूर्वेला एव्हरशाईन सिटीत राहतो, मूळचे साताऱ्याकडचे. तळमजल्यावर परब काकू, एकट्याच, मालवणकडच्या. आमच्या सईला सकाळी मी गाडीने शाळेत सोडतो. आम्ही दोघं नोकरीवर, म्हणून शाळा सुटली की ती थेट काकूंकडे जायची, त्यांना आजीच म्हणते.

कामणजवळ एका कंटेनरने गाडी घासली, तेव्हा मी डॅशकॅम घेतला. पार्किंग मोडसाठी, म्हणजे गाडी उभी असतानाही रेकॉर्डिंग व्हावं म्हणून, त्याची वायर थेट बॅटरीला जोडली. बॅटरी जरा उतरली की कॅमेरा आपोआप बंद व्हावा, असं सेटिंग फिटरने करून दिलं होतं, म्हणजे सकाळी गाडी सुरू होणारच.

मग बॉनेटवर अधूनमधून मीठ आणि मोहरीचे दाणे दिसायला लागले. वॉचमन म्हणाला, परब काकू गाडीपाशी घुटमळतात. मला पुरावा हवा होता. कॅमेरा बंदच पडू नये म्हणून मी ते सेटिंग अगदी खाली आणलं. व्हायचं तेच झालं! सकाळी गाडी ठप्प, रेकॉर्डिंगमध्ये काही नाही, आणि सईची परीक्षा.

चूक शंभर टक्के माझी. पण समोर काकू दिसल्या आणि चार लोकांसमोर मी बोलून गेलो, "करणी-बिरणी तुमच्या मालवणात. माझ्या गाडीवर नको."

मी! टिंगल करणारा...

काकू आत गेल्या. सईला रिक्षात बसवताना मी बजावलं, आजपासून काकूंकडे जायचं नाही. मग बॅटरी काढून नाक्यावरच्या दुकानात चार्जिंगला दिली आणि ऑफिसला गेलो. संध्याकाळी ती परत बसवली, तर कॅमेऱ्यात एक नवी क्लिप होती. त्याच दुपारची.

काचेसमोर काकू. सकाळचीच साडी, डोळे सुजलेले. मुठीत मीठ-मोहरी घेऊन गाडीची दृष्ट काढतायत. आल्यागेल्याची, वाटेवरची असं पुटपुटून शेवटी म्हणाल्या, "माज्या सईक सुखरूप घरी हाड." म्हणजे, घरी आण. मुठीतले चार दाणे बॉनेटवर सांडले. तिथेच माझा पाना पडला होता... बॅटरी काढल्यावर मी विसरलेला.

म्हणजे क्लिप निघाली तेव्हा गाडीत बॅटरीच नव्हती. कॅमेऱ्याच्या आत फाइल सेव्ह होण्यापुरता काही सेकंदांचा जीव असतो, बाकी काही नाही. फिटर म्हणाला, तारीख-वेळ चुकली असेल. पण पाना कसा चुकेल?

मी खाली गेलो. माफी मागायची होती. कसंबसं विचारलं, मी इतकं बोललो, तरीही?

"राग माका तुजो इलो," काकू म्हणाल्या. "चेडू त्याच गाडयेत बसता मां." चेडू म्हणजे मुलगी, आमची सई.

दारातच मला रडू फुटलं. पण सईला उद्यापासून पाठवू का, हे विचारायची हिंमत झाली नाही, आणि काकूंनीही तिला पाठव म्हटलं नाही. सध्या सई दुसऱ्या शेजाऱ्यांकडे बसते.

कॅमेरा कशावर चालला, ते मला आजही कळलेलं नाही. कुणाला कळलं तर सांगा. सई मात्र रोज एकच विचारते — आजी माझ्यावर का रागावली? आणि मी तिला अजून सांगितलेलं नाही की आजी नाही रागावली, बाबा चुकला.