सव्वा मूठ गहू

सकाळची पुण्याची एसटी भडगाव स्टँडवरून हलली तेव्हा आई खिडकीखाली उभी होती आणि तिच्या पदराला गव्हाचा कोंडा चिकटलेला होता. घरी कानबाईच्या रोटाचे गहू निवडणं चाललं होतं. श्रावणात आमच्याकडे खानदेशात कानबाई देवी बसते, आणि तिच्या रोटासाठी, म्हणजे नैवेद्याच्या पोळ्यांसाठी, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढतात. पाळण्यातल्या पोराचीसुद्धा मूठ निघते. त्या वर्षी माझी निघाली नाही.

आठवडाभर आधी मी घरात सांगितलं होतं, की मला मुली नाही, मुलगे आवडतात. माझ्या लग्नाचं बघू नका. आबा, माझे वडील, उठून शेतात निघून गेले. माझे मोठे काका, ज्यांना सगळी भावकी नाना म्हणते, ते सुपासमोर येऊन म्हणाले, "आतेपासून त्याना नावनी मूठ काढू नका." ना कुणी हात उगारला, ना शिवी दिली. पण मला फार लागलं, अजून लागतं.

बस सुटताना आई म्हणाली, "पोटभर जेवजो रे भाऊ. बाकीनं कानबाई देखी लेई." मग गिरणा नदीचा पूल आला. पाणी संथ होतं, आणि मला वाटलं बस उभी आहे, भडगावच मागे मागे वाहत चाललंय.

मागे राहिलेल्यांनो, तुम्हाला वाटत असेल आम्ही पुण्यात मोकळे झालो. झालोच. नोकरी, फ्लॅट, वीकेंड, आणि विनय, ज्याच्यासोबत मी आता पाच वर्षं राहतो. आणि माझ्यासारखेच निघून आलेल्यांनो, तुम्हाला हेही ठाऊक असेल, की रविवारी अर्धवट झोपेत शेजारच्या किचनमधला मिक्सर ऐकू येतो आणि सुपात गहू घोळल्यासारखा वाटतो. मी डोळे मिटून मुठी मोजत पडायचो. आबांची, नानांची, चुलतभावांची. माझ्यापाशी आलं की आवाज थांबायचा.

तीन वर्षांपूर्वी माझ्या बहिणीने, अक्काने, फोन केला. ती सोनगीरला दिलेली, तिथेच शाळेत शिकवते. "ये आणि सांग सगळ्यांना," म्हणाली. मी श्रावणात भडगावला गेलो, आणि शहाणपणा केला. लॅपटॉप नेला, प्रोजेक्टर नेला. ओसरीच्या भिंतीवर भावकीला स्लाइड दाखवल्या; आयडेंटिटी, ओरिएंटेशन, इन्क्लूजन, काही म्हणून सोडलं नाही. सगळ्यांनी शांतपणे ऐकलं, माना डोलावल्या. शेवटी एका काकांनी विचारलं, "मंग कंपनी कोनती तुनी?" आमच्याकडे भिंतीवर स्लाइड दाखवतात ते ठिबकवाले आणि बियाणेवाले. मी काय विकायला आलोय, एवढाच त्यांना प्रश्न होता.

अक्काने लॅपटॉप मिटला. "भाषण राहू दे. गहू निवडाले बस."

बायकांच्या त्या घोळक्यात कधी कुठला पुरुष बसत नाही. मी बसलो. खडे काढता काढता बोलू लागलो, आणि ध्यानात आलं, की या गोष्टीसाठी आपल्या बोलीत माझ्याकडे शब्दच नाही. मग मी शब्द सोडला आणि विनयबद्दल सांगितलं. मला ताप आला तेव्हा त्याने आठ दिवस रजा काढून पेज करून घातली, ते सांगितलं. ऐंशीच्या सुलकाकूने मान वर न करता विचारलं, "त्याले सयपाक येस का?"

"येस. पन वरनमा साखर टाकस."

"साखर!" सगळ्या एकदम ओरडल्या. तो पुरुष असण्यापेक्षा खानदेशात हा गुन्हा मोठा निघाला. हसता हसता आईने मूठ भरली, वर पाव मूठ टाकली आणि माझं नाव घेतलं. नाना दारात होते. ते आढ्याकडे बघत राहिले, पण नको म्हणाले नाहीत. माझ्या डोळ्यांसमोरचे गहू धूसर झाले.

आता महिन्यातून एका रविवारी अक्का आणि आई जळगावला जातात. तिथे एका बागेत आमच्यासारखी पोरंपोरी जमतात, काहींचे आईबापही येतात. ती पोरं माझ्याहून हुशार. ज्या घरात बोलायचं तिथे आधी कुणाच्या तरी मावशीला घेऊन पापड लाटायला बसतात. त्यांतल्या दोघीजणी एका कॉलेजात जाऊन म्हणाल्या, कुणी चिडवलं तर आम्ही सांगायचं कुणाला, त्यासाठी एक माणूस नेमून द्या. 'बघू' असं उत्तर आलं. त्या पुन्हा जाणार आहेत. आई तिथे नव्याने येणाऱ्या आयांशेजारी बसते. "रडनं शे तं रडी ले," ती सांगते, "पन पोरले फोन करनं सोडू नको."

या श्रावणात मला सुट्टी मिळाली नाही. आईचा फोन आला. माझी मूठ निघाली होती. मी भीत भीत विचारलं, आणि विनयची?

ती म्हणाली, "काढी. पन रोटमा नही टाकी. नानांनी हो म्हनं नही अजून. डबामा ठेयेल शे."

"मग त्याचं काय करशील?"

"काय करनं? गहू शेतस, खराब व्हतस नही. नाना हो म्हनतीन तवय दळसू."

तुम्ही विचारता, घर कुठे आता. भडगावात, फडताळात, वरच्या फळीवर, एका झाकण लावलेल्या डब्यात. अजून दळायचं आहे.