झेंडूच्या आड गेलेला पडदा

तेव्हा मोबाइलवर नकाशे आलेले नव्हते. आमच्या ह्यांनी मोठ्या हौसेने गाडीच्या काचेवर रस्ता दाखवणारं यंत्र बसवून घेतलं. त्यातली बाई प्रत्येक वळण इंग्रजीत सांगायची. पण नुसतं ऐकून ह्यांचं भागेना. डोळे सतत पडद्यावर. एकदा सातपूरला कारखान्यांची शिफ्ट सुटलेली, समोर मोटारसायकलींचा लोंढा, आणि हे आपले बाण बघतायत!

"अहो, समोर बघा!" मी किंचाळले. करकचून ब्रेक लागला. एक मोटारसायकलवाला थोडक्यात वाचला. वर हे मलाच म्हणाले, "तू ओरडलीस म्हणून दचकलो."

दसऱ्याला मी गाडीची पूजा केली, तेव्हा त्या यंत्रालाही माळ घातली. झेंडू चांगला टपोरा होता, पडदा पार झाकला गेला. दुसऱ्या दिवशी वणीच्या गडावर निघालो, तर हे माळ काढायला लागले.

"पूजेची माळ आहे. सुकेपर्यंत हात लावायचा नाही!" मी दरडावलं. असा काही नियम नाही. तो मी जागच्या जागी केला.

ह्यांना रस्ता पाठ होता, तरी बाई चालूच. ती बोलत राहिली, हे ऐकत राहिले आणि डोळे थेट रस्त्यावर. घाटसुद्धा असा चढवला की मला एकदाही ओरडावं लागलं नाही.

माळ सुकली तशी ह्यांनी ती उतरवली. मी भांडायच्या तयारीतच उभी होते. ह्यांनी खिशातून रुमाल काढला, नीट उलगडला आणि पडद्यावर टाकला.