एका आळ्यात दोन बिया

मंडळी, आज सकाळी चांदूर बाजारला माहेरी आईसोबत कारली लावली. बियाणं पणजीचं, वऱ्हाड मध्यप्रांतात होतं तेव्हापासून जपलेलं. यंदा जेमतेम मूठभर उरलंय.

"निम्मंच उगवते," आई म्हणाली.

मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. लगेच सांगितलं, आळ्यात दोन-दोन टाकू. दोन्ही वाया जायची शक्यता अर्धी गुणिले अर्धी, म्हणजे फक्त पाव! आणि दोन्ही एकाच भोकात टाकल्या.

"काहून जवळजवळ टाकून राहिली? मुंगीले एक सापडली तं दुसरी सोडते का ते?" म्हणत आईनं दुसरी बी वीतभर लांब टोचली.

'घटना स्वतंत्र असतील तरच गुणाकार करा', हे अकरा वर्षं मी फळ्यावर लिहितेय. आई मात्र त्या स्वतंत्र करत आलीय.

उद्या वर्गात नाणं उडवणार नाही, मुंगीचीच गोष्ट सांगणार. चालेल ना?