वरच्या खोलीतली चार नंबरची डबी

चार नंबरच्या डबीची फिल्म मी तिसऱ्यांदा मायक्रोस्कोपखाली ठेवली आणि सरांना हाक मारली.

"सर, जरा येऊन पाहा. माझे डोळे गेले की डबी बिघडली, ते तुम्हीच सांगा."

सर म्हणजे आमच्या डिपार्टमेंटचे हेड. अमरावतीला फिजिक्सच्या लॅबमध्ये मी टेक्निशियन. नोकरीतली अलीकडची काही वर्षं घराघरांतला रेडॉन मोजण्यात गेली. रेडॉन हा जमिनीतून, दगडमातीतून झिरपणारा वायू. रंग नाही, वास नाही. बंद घरात साठला आणि वर्षानुवर्षं श्वासातून आत गेला, तर फुप्फुसाचा कॅन्सर होऊ शकतो. तो मोजायला आम्ही मुठीएवढी डबी घरात टांगतो. आत दोन कप्पे, प्रत्येकात लाल फिल्मचा तुकडा. वायूतून निघालेला कण फिल्मवर आपटला की तिथे न दिसणारी इजा होते. तीन महिन्यांनी फिल्म गरम कॉस्टिक सोड्यात बुडवायची, त्या इजेचं भोक होतं. मग भोकं मोजत बसायचं. एवढंच काम, पण मान मोडते.

दोन कप्पे कशाला? तर रेडॉनचा एक भाऊ आहे, थोरॉन. थोरियम असलेल्या मातीतून तो निघतो. त्याचं आयुष्य एवढंसं, मिनिटभरात निम्मा संपतो. त्यामुळे जिथे जन्मतो तिथून हातभरापलीकडे फारसा पोचत नाही. डबीच्या पहिल्या कप्प्यात दोघंही शिरतात, दुसऱ्यापर्यंत फक्त रेडॉन टिकतो.

चार नंबरच्या पहिल्या कप्प्यात भोकांवर भोकं होती. दुसऱ्यात नेहमीएवढी, अगदी तुरळक.

"थोरॉन," सर म्हणाले. "डबी कुठली?"

"अकोला. वरच्या मजल्यावरची बेडरूम."

"आणि खालचं घर?"

"एकदम साधं. आपल्या लॅबपेक्षा कमी."

सर चष्मा काढून पुसत राहिले. "जमिनीतून येणारा वायू जमीन सोडून माडीवर काय करून राहिला, ताई?"

आता हेच मला ठाऊक असतं तर मी त्यांना हाक कशाला मारली असती?

घर मंगेशचं. अकोल्याला दालमिलमध्ये सुपरवायझर. दोन वर्षांपूर्वी त्याचे वडील त्या वरच्या खोलीत गेले, फुप्फुसाच्या कॅन्सरनं. माणसानं कधी सुपारीचं खांड तोंडात टाकलं नाही, बिडी तर लांबच. मंगेशची सोयरीक त्यांच्या आजारपणातच जमली होती. पुढे लग्न झालं, त्याच खोलीत नवीन जोडपं राहू लागलं. बायको पल्लवी दिवस गेल्यावर म्हणायला लागली, तिथं छाती भरून येते. शेजारच्या बायांनी "खोली धरते वो माय" सुरू केलं, म्हणजे खोली झपाटलेली. पल्लवी बाळंतपणाला माहेरी चांदूर बाजारला गेली, मुलगी झाली, सव्वा महिना उलटला, आणि तिचे वडील अडून बसले. ते रिटायर्ड मास्तर, जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलेलं. त्यांनी रेडॉनबद्दल कुठंतरी वाचलं होतं. "घर तपासल्याबिगर नात पाठवत नाई," म्हणाले.

मला माणूस आवडला. लोक लिंबू-मिरच्या बांधतात, हा डबी बांधा म्हणतो! मंगेशनं आमच्याकडून चार डब्या नेल्या. त्या उतरेपर्यंत पोरगी साडेचार महिन्यांची झाली. बापानं तिला तोवर मांडीवर घेतली असेल ती फक्त रविवारी, सासऱ्यांच्या अंगणात. मंगेशच्या आईनं तर नात फोनवरच पाहिली होती.

सरांनी मला थोरॉनचं मशीन आणि गायगर काउंटर देऊन अकोल्याला पाठवलं. गायगर म्हणजे टिकटिक करणारी पेटी. किरणोत्सर्ग कुठंही थोडाफार असतोच, म्हणून ती कुठंही अधूनमधून टिक करते. जास्त झाली तर समजायचं.

भर दुपारी पोचले. खाली बैठकीत मास्तर आधीच येऊन बसलेले, पांढरा शर्ट, घडी न मोडलेली. निकाल ऐकायला चांदूर बाजारहून आले होते.

"काय निंघालं मॅडम? मी म्हनतच होतो ना, या घरातच खोट हाये."

मंगेश मान खाली घालून उभा. मी म्हटलं, "मास्तर, आधी वर पाहू द्या. मग बोलू."

खोली चांगली हवेशीर होती. दोन खिडक्या, गुलाबी भिंत, कोपऱ्यात नवाकोरा पाळणा. पाळणा हलत नव्हता, तरी मी त्याच्याकडे दोनदा पाहिलं. मी मशीन खोलीच्या मधोमध ठेवलं. काही नाही. खिडकीशी, दाराशी, फरशीवर, काही नाही. मग पलंगाच्या डोक्याशी नेलं. चार नंबरची डबी तिथल्याच खिळ्याला लटकवली होती. भिंतीपासून दूर टांगा म्हणून सांगूनही मंगेशनं ऐकलं नव्हतं, आणि त्याच्या न ऐकण्यामुळेच हे सगळं सापडलं. थोड्या वेळानं आकडा चढायला लागला. मशीन दोन पावलं मागे घेतलं, आकडा खाली. पुन्हा पुढे, पुन्हा वर. उशाशी कोणीतरी बसून श्वास सोडतंय आणि तेवढ्याच जागेत तो श्वास राहतोय, असं. विज्ञान मला पाठ आहे, तरी सांगते, अंगावर काटा आला. याच पलंगावर मंगेशचे वडील गेले होते.

तेवढ्यात मंगेशची आई चहा घेऊन वर आली. कमलबाई. बारीक चणीची, डोक्यावर पदर. माझ्या हातात गायगर सुरूच होता. सावकाश टिक... टिक चाललेली. बाई कप द्यायला वाकल्या आणि पेटी तडतडायला लागली.

मी पलंगाकडे पाहिलं. पलंग लांब होता.

बाई सरळ झाल्या, तडतड कमी. त्या स्टूल ओढायला पुन्हा जवळ आल्या, पुन्हा तडतड. मी मुद्दाम दुसऱ्या भिंतीशी गेले. बाई मागोमाग आल्या बिस्किटं घेऊन, आणि आवाजही त्यांच्यासोबत आला.

"हे काहून वाजून राह्यलं?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "बाई, तुमच्या अंगावर काही आहे का?"

त्या घाबरल्या. पदराआड हात गेला. मंगळसूत्र त्यांनी काढलं होतं, पण काळ्या दोरीत एक गोल, काळपट बिल्ला होता, रुपयापेक्षा थोडा मोठा. पेटी त्याच्याजवळ नेली तर टिकटिक मोजता येईना.

"निगेटिव्ह आयनचं हाये. यानं अंगातली ताकत वाढते. आमचे हे आजारी पडले तवा घेतलं. याची चटई बी हाये."

चटई गादीखाली होती. म्हणजे अर्धी होती. एका बाजूनं कात्रीनं सरळ कापलेली.

हा माल मी ऐकून होते, पाहिला पहिल्यांदाच. एनर्जी बिल्ले, एनर्जी चटया, चेन मार्केटिंगनं विकतात. असल्या काहींमध्ये थोरियमवाली वाळू दळून घातलेली असते. थोरॉन जमिनीतून माडीवर चढलाच नव्हता. तो कोणीतरी जिन्यानं उचलून आणून अंथरला होता.

"बाकीची अर्धी कुठंय?" मी विचारलं.

कमलबाईंचा चेहरा उजळला. मला वाटतं, त्या दिवशी त्यांना कोणी विचारलेली ती पहिली चांगली गोष्ट होती. कपाटातून त्यांनी एक छोटी वाकळ काढली. नातीची. वर नवऱ्याच्या जुन्या धोतराचं मऊ सूत, टाके इतके बारीक की मोजावेत. मधे, पाठ येते तिथं, काहीतरी जाडसर.

"वाकयीत शिवली. आजाच्या धोतराची ऊब, अन् त्याच्यात ताकत. पोरगी निरोगी राहीन म्हनलं."

मी पेटी वाकळीवर धरली नाही. गरजच नव्हती.

स्टुलावर बसवून त्यांना सगळं सांगितलं. त्यातून वायू निघतो, तान्ह्या लेकराचं नाक त्याला लागूनच राहिलं असतं, कापल्यानं भुगाही उडाला असेल, खोली ओल्या फडक्यानं पुसावी लागेल. त्या ऐकत होत्या. मग एकदम माझा हात धरला.

"म्हंजे त्याईले मीच मारलं का वो? मीच अंथरली होती. रोज सकाळी पुसून अंथरत होती."

असला प्रश्न कोणत्या मशीनला विचारायचा? पण याचं उत्तर माझ्याकडे होतं, आणि खरं होतं. "नाही कमलबाई. आजार कळल्यावर चटई आणली ना? कॅन्सर आधीच होता. तो कशानं झाला ते मला माहीत नाही, पण चटईनं नाही." त्यांनी तीनदा तेच विचारलं, मी तीनदा तेच सांगितलं. तेव्हा कुठं त्या रडल्या.

मग मी विचारलं, ही वस्तू आणली कुठून?

मंगेश दारात येऊन उभा होता, बाईंनी एकदा त्याच्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "राहू द्या न मॅडम. सुनेच्या मायबापाले कायले बोल लावा? चांगल्या मनानंच देल्ली त्याईनं."

मला आपली सणक आहे. पेटी बंद न करताच जिना उतरले. मास्तर उठून उभे राहिले. "सापडली ना घरातली खोट?" म्हणत जवळ आले आणि पेटी तडतडली. वर, कमलबाईंजवळ, वाजली होती तशीच.

"शर्टाच्या आत काय आहे, मास्तर?"

त्यांनी बटण काढलं. तसाच बिल्ला, तशीच काळी दोरी. मी तो त्यांना हातावर ठेवायला लावला आणि पेटी वर धरली. सायन्सचा मास्तर होता तो. समजवायला काहीच लागलं नाही. पेटीकडे पाहत राहिले, मग स्वतःच्या छातीकडे. मागोमाग उतरलेल्या मंगेशनं त्यांना धरून बसवलं.

"रोज दुपारी," मास्तर म्हणाले. "रोज दुपारी पोरगी माझ्या छातीवर झोपते, मॅडम. इथंच. दुसऱ्या कोनाजवय झोपतच नाई."

साडेचार महिने. ज्या घराला भिऊन त्यांनी नात अडवून धरली होती, त्या घरात ती एक दिवसही नव्हती.

पुढचं पटकन सांगते. मास्तरांनी तिथूनच पल्लवीला फोन लावला. दुसऱ्या दिवशी पोरगी अकोल्याला आली, आजीच्या मांडीवर. डॉक्टरांनी तपासली, सुदृढ होती. अशा डोसानं लगेच काही दिसत नसतं, हे मी त्यांना लपवलं नाही. घाबरून जावं एवढाही तो नव्हता, हेही सांगितलं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. बिल्ले आणि चटईचे तुकडे मी बंद डब्यात भरून लॅबमध्ये आणले, सरांनी पुढे योग्य ठिकाणी पाठवले. तीन महिन्यांनी त्याच खोलीत पुन्हा डबी टांगली, रिपोर्ट साधा आला.

पण पोरगी अकोल्याला आली त्याच आठवड्यात मास्तरांचा फोन आला. त्यांनी गावात आणखी अकरा घरी तो माल दिला होता. जुने विद्यार्थी, शेजारी, एक बाळंतीण. "तुमची पेटी घेऊन याल का? माह्या शब्दावर घेतली होती, पन नुसत्या माह्या शब्दावर परत देनार नाईत."

गेले. रविवारी सकाळपासून संध्याकाळपर्यंत घरोघर. लोकांनी बिल्ले ठेवलेले कुठं? कोणाच्या उशीत, कोणाच्या पाण्याच्या माठाखाली, एकीनं पाळण्याच्या दोरीला बांधलेला. मी उंबऱ्यातच पेटी सुरू करायचे आणि आवाजाच्या मागे आत जायचे. त्या अकरा घरांत एकानंही विचारलं नव्हतं की यात आहे काय. मास्तरनं देल्ली, झालं.

शेवटच्या घरची म्हातारी काही केल्या बिल्ला सोडेना. "गुरुजी, तुमीच तर सांगतलं होतं, गयातून काढजो नको म्हून."

"हाव माय," मास्तर म्हणाले, "मीच सांगतलं होतं." आणि ओंजळ पुढे करून उभे राहिले. ती देईपर्यंत उभेच होते.

आता कोणी घर तपासायला बोलावलं की मी डबी टांगायच्या आधी बोलावणाऱ्यालाच पेटीसमोर उभा करते. लोकांना राग येतो. येऊ दे.