मयताआधीचं पिठलं

"आगं भवाने, माणूस जिता हाय आन् तू मयताचं पिठलं घेऊन आलीस?" आत्या अशी ओरडली, की भीमेपल्याड दौंड स्टेशनातली गाडी घाबरून दोन मिनिटं उशिरा सुटली असणार.

आज शेजारून पिठल्याचा वास आला आणि वडगाव रासाईचं आमचं अंगण समोर उभं राहिलं. कॅन्सर झालेल्या आबांना डॉक्टरांनी "घरी न्या" सांगून तीन महिने झाले होते. त्यांना उचलता-बसवताना आई वाळून काठी झालेली. आणि आमच्याकडं शेजारची पिठलं-भाकरी येते ती घरात मयत झाल्यावर, चूल बंद असते तेव्हा.

शेजारची पारूमावशी टोपलं घेऊन उंबऱ्यातच ठाण मांडून उभी. "मेल्यावर आणणारच हाय न्हवं आक्का? मग ही बाई पडायच्या आधी आणते. रोज आणणार. अडवा!"

आत्यानं तेहतीस कोटी देव अंगणात गोळा केले. मलाही तेव्हा मावशी निर्लज्जच वाटली. त्या गोंगाटात आई मात्र भिंतीला टेकून चक्क घोरत होती, हे आता आठवतं.

मावशीनं आत्याला बाजूला सारून खाटेवरच्या आबांना घास भरवला.

"मीठ कमी हाय," आबा म्हणाले.